काठावरचा पोचा

रज्जाक नाना. हे नाव आधी लिहून टाकतो. जिथं ते लिहायला हवं होतं तिथं मी लिहिलं नाही, आणि जिथं ते नव्हतं तिथं — पण थांबा, ते पुढं येईल.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आई होती तेव्हा आईला तर नाहीच. अकरा वर्षं झाली. या आठवड्यात पहिल्यांदा कागदावर लिहिलं, परवा एक पत्र पोस्टात टाकलं, आणि आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगायला सोपं जातंय. बघा — सुरुवातीलाच सोपी वाट शोधली. जुनी खोड आहे ती माझी.

रज्जाक नाना आमच्या गावचे पिंजारी. दोंडाईचापासून बसनं अर्ध्या तासावर आमचं गाव. खांद्यावर पिंजण घेऊन ते दारोदार जायचे, जुन्या गाद्या उसवायचे, गोळा झालेला कापूस तारेवर मोकळा करून पुन्हा भरायचे. आमचं घर त्यांच्या शेजारी. माझे वडील दोंडाईचाच्या मिरची बाजारात हमाल होते, आई तिथंच मिरच्यांचे देठ खुडायला जायची. दोघं घरी आले की आम्ही भावंडं शिंकायचो.

दहावी झाल्यावर वडील म्हणाले, पुरे आता, पोराची पाठ तयार झालीय. तेव्हा नाना तीन दिवस रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. भांडले नाहीत. बिडी ओढत बसायचे आणि उठताना एवढंच म्हणायचे, "पाठ बठ्ठासले ऱ्हास. याले डोळा शेतस. वाचू द्या." पाठ सगळ्यांनाच असते, याला डोळे आहेत. तिसऱ्या दिवशी वडिलांनी मान हलवली. धुळ्याच्या कॉलेजात नाव घातलं तेव्हा नाना डोक्यावर नवी गादी घेऊन बसनं धुळ्याला आले आणि हॉस्टेलच्या खोलीत स्वतःच्या हातानं अंथरून गेले. तोवर मी गादीवर झोपलेलो नव्हतो — जन्मभर पिंजाऱ्याच्या शेजारी राहून.

आणि मी त्यांना काय दिलं होतं? मी त्यांना वाचून दाखवायचो. नानांना मशिदीत शिकलेली अरबी अक्षरं लावता यायची, पण मराठी, हिंदी, इंग्रजी काहीच नाही. तिसरीत असल्यापासून त्यांची पत्रं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, लाइटचं बिल मीच वाचायचो. पुढं पुढं गावातली बाकीची माणसंही कागद घेऊन त्यांच्याकडे यायला लागली. एखाद्या कागदावरून वाद झाला की नाना हात वर करायचे. "आपला भास्कर वाचस ते खरं."

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

नानांच्या घरी एक कटोरा होता. पितळी, ओंजळीएवढा, आतून बाहेरून बारीक अरबी अक्षरांनी कोरलेला, मध्ये छोटा उंचवटा. त्यांच्या आजीनं लग्नात बऱ्हाणपुराहून आणलेला, असं ते सांगायचे. गावात एखादी बाई बाळंतपणात अडली की कोणीतरी धावत नानांकडे जायचं. मग घर कोणाचंही असो — पाटलाचं, कोळ्याचं, आमचं — त्या कटोऱ्यातून तिला पाणी पाजायचे. पुढं सगळ्याजणी दवाखान्यात जायला लागल्या, तरी कटोरा जायचाच. पिशवीत घालून वॉर्डापर्यंत जायचा.

त्याचे दोन नियम होते. कटोरा परत करताना रिकामा द्यायचा नाही, गुळाचा खडा घालून द्यायचा. आणि दुसरा नियम नानांच्या घरासाठी होता — दिलेला कटोरा मागायचा नाही. ज्याच्या घरी अडचण त्याच्या घरी तो राहील, एक दिवस, एक महिना. अडचण सरली की आपण होऊन परत येईल. मागितला तर त्यातला गुण जातो म्हणे. नानांच्या आजीनं कधी मागितला नाही, आईनं मागितला नाही, नानांनीही नाही. आणि आजवर तो परत आला नाही असं कधी झालंच नव्हतं. कोण ठेवून घेणार? असल्या वस्तूला कोण हात लावणार?

माझ्या आईलाही त्यातूनच पाणी पाजलं होतं. दाई अक्काच्या हातून कटोरा दगडी उंबऱ्यावर पडला, काठाला पोचा आला आणि — आई सांगायची — त्या आवाजानंच मी बाहेर आलो. नाना मला लहानपणी तो पोचा बोटानं दाखवायचे. "हाऊ तुन्हा पोचा शे." हा तुझा. मला तेव्हा फार भारी वाटायचं. देशातल्या कुठल्या मुलाच्या नावावर पोचा असतो?

आता त्या गोष्टीकडे येतो. खरं तर अजून थोडा वेळ नानांविषयीच लिहावंसं वाटतंय. पण ते चांगले होते हे सांगत राहणं म्हणजेसुद्धा लांबणीवर टाकणंच.

धुळ्याहून मी जळगावला एम.ए.ला गेलो. पिंप्राळ्याला तिघांत एक खोली होती. रोज सायकलनं येता-जाता भंगारवाल्यांची दुकानं लागायची — तराजू, पितळेचे ढीग, फुटके बंब. मग संग्रहालयाच्या कामाचा एक कोर्स केला, अर्ज टाकले, आणि दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी संग्रहालयाचं मुलाखतीचं पत्र आलं. नाव सांगत नाही. चूक त्या संस्थेची नाही, माझी आहे. पत्रात लिहिलं होतं, आपल्या भागातली एखादी जुनी वस्तू अभ्यासून तिच्याविषयी बोलायची तयारी ठेवा, शक्य असेल तर वस्तू आणा.

मी गावी गेलो. नाना ओट्यावर कापूस पिंजत होते. मी म्हटलं, नाना, कटोरा पाहिजे. त्यांनी हात थांबवला. "कोन अडेल शे रे?"

"मीच, नाना. नोकरीची परीक्षा आहे. आठ दिवसांत आणून देतो."

ते इतके हसले की कापूस नाकात गेला. "तवय तूच बाळंतीन! ले, ली जाय." आणि कटोरा स्वतः पुसून माझ्या हातात दिला. आठ दिवसांवर काही बोलले नाहीत. ते बोलत नसतातच.

आईनं पिशवीत कटोरा पाहिला आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुळाचा खडा बांधून दिला. थेट परत देऊनच घरी ये, म्हणाली, रिकामा देऊ नको.

मुलाखतीला टेबलापलीकडे तिघं होते. मी टॉवेलातून कटोरा काढला आणि त्यांच्या चेहऱ्यात फरक पडला. मधल्या साहेबांनी चष्मा बदलला. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन फिरवला, एकमेकांना अक्षरं दाखवली, तीनशे वर्षांच्या आतला नाही म्हणाले. मग इंग्रजीत विचारलं, तुम्हाला हा कुठं मिळाला?

मी म्हणालो, जळगावच्या भंगारबाजारात. किलोवर चालला होता, वितळवायला.

एवढंच. एक वाक्य. तिघंही हळहळले आणि मग हसले. मधले साहेब म्हणाले, नजर आहे हो तुमची.

मी स्वतःला पुष्कळ वर्षं असं सांगत आलो की ते वाक्य आपोआप तोंडातून निघालं. घाबरलेला पोरगा, इंग्रजी प्रश्न, पहिल्यांदाच दिल्ली. हे खोटं आहे. ते वाक्य मी गाडीत पाठ केलं होतं. खरं सांगायला मला लाज वाटत होती. संग्रहालयात नोकरी मागायला आलेल्या एम.ए. झालेल्या माणसानं असं म्हणायचं का, की हा आमच्या पिंजाऱ्याचा कटोरा आहे आणि याच्यातलं पाणी पिऊन माझी आई सुटली? ते मला अडाणी म्हणतील असं वाटलं. आणि दुसरं — भंगारातून हिरा ओळखणारा माणूस त्यांना आवडेल, शेजाऱ्याकडून वस्तू मागून आणणारा नाही, हेही मला कळत होतं. भंगारवाला म्हटलं की मागं कोणी उरत नाही. कोणाला परत द्यायचं नसतं.

साहेब म्हणाले, अशी वस्तू इथंच असायला हवी, द्याल का? त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. दानपत्रावर सही केली. महिनाभरानं नोकरीचा आदेश आला. कटोऱ्यामुळेच आला का, मला माहीत नाही. कटोऱ्याशिवायही आला असता, असं समजायला मला आवडतं. पण आवडण्यावर काय आहे?

नोंदवहीत त्या कटोऱ्याची नोंद मीच केली. ते माझ्या पहिल्या कामांपैकी एक. तिथं वस्तूची अवस्था लिहायची असते. मी लिहिलं — काठावर एक पोचा. कारण अज्ञात.

कारण अज्ञात! माझ्याच अक्षरात आहे. अजूनही कधी ते पान उघडावं लागलं की मी दुसऱ्या बाजूनं बोट फिरवतो.

त्या दिवाळीला गावी गेलो तेव्हा आईनं विचारलं, "कटोरा परत दिना का? रिकामा नही ना?" मी म्हटलं, दिला, गूळ घालून दिला. नाना शेजारीच राहायचे, आईनं कधीही विचारलं असतं तर कळलं असतं. तिनं विचारलं नाही. मी सांगितलंय म्हटल्यावर कशाला विचारेल? चार वर्षांपूर्वी ती गेली. तोच समज घेऊन गेली.

आणि नाना? त्यांनी मागितला नाही. सणासुदीला फोन करायचे. नोकरी कशी आहे, थंडी सोसते का, बायकोला बाजरीच्या भाकरी करता येतात का, सगळं विचारायचे. कटोऱ्याचं नाव नाही. त्यांच्या धाकट्या सुनेच्या बाळंतपणानंतर फोनवर हसत म्हणाले, "स्टीलनी वाटीमा पानी दिनं. पोर झायी. रडनी बी जोरमा!" मीही हसलो. काय करणार होतो? त्यांच्याच घरात अडचण आली आणि त्यांच्याच घरात कटोरा नव्हता. फोन ठेवल्यावर मला काय वाटलं ते सांगू? सुटल्यासारखं वाटलं. स्टीलच्या वाटीनं भागतंय ना, मग झालं.

त्यांचा नियम माझ्या कामी आला. न मागण्याची तीन पिढ्यांची रीत होती, मी तिच्या आडोशाला अकरा वर्षं बसलो.

गेल्या हिवाळ्यात नाना गावच्या मंडळींबरोबर अजमेरला गेले. परतताना दोन दिवस दिल्लीत मुक्काम होता. फोन आला — "तुन्ही नोकरीनी जागा देखनी शे." नाही म्हणायला कारण सुचेना. सुचत असतं तर म्हटलं असतं, हेही कबूल करतो.

सकाळी ते दारात उभे होते. धुतलेला पांढरा पायजमा, अंगात जाकीट, डोक्यावर टोपी, आणि हातात चपला. मोठ्या पायऱ्या पाहून त्यांनी चपला काढल्या होत्या. पहारेकरी म्हणाला, "बाबा, पहन लो, मंदिर नहीं है." नाना त्याला म्हणाले, "पुराने लोगों का सामान है ना? फिर?"  मीच त्यांना घाईघाईनं चपला घालायला लावल्या. आजूबाजूला माझ्या ऑफिसातली माणसं होती.

मी मनात वाट आखून ठेवली होती. खालचा मजला दाखवायचा — प्राचीन मूर्ती, मातीची भांडी, मणी — आणि पाय दुखले असतील म्हणून चहाला न्यायचं. वरच्या मजल्यावर इस्लामी कलेचं दालन. तिकडं जायचंच नाही.

खाली ते रमले. हजारो वर्षांपूर्वीचा रांजण पाहून म्हणाले, हा तर आपल्या गणपत कुंभाराचाच माल दिसतो, तोंड जरा वाकडं आहे. कापडांच्या दालनात एका राजाचा कापूस भरलेला रुईदार अंगरखा होता. नाना काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिले. आमच्याकडे येणारे लोक त्याच्या जरीवर बोलतात. नाना म्हणाले, "राजाले पिंजारी भेटना नही वाटस. बठ्ठा गोळा झाया रुईना." खरंच होतं. पाठीवर कापसाचे गोळे झाले होते. इतकी वर्षं ती काच मी पुसून घेतोय, मला कधी दिसले नव्हते.

मग म्हणाले, वर काय आहे?

मी म्हटलं, वर विशेष काही नाही. त्यांच्या मागून येणारी माझ्या हाताखालची एक मुलगी — चांगल्या मनानं — म्हणाली, "सर, वो इस्लामिक गैलरी नहीं दिखाएँगे? बाबा को अच्छी लगेगी." नाना जिना चढायला लागलेसुद्धा.

वर ते हळूहळू चालायला लागले. निळ्या फरशा, तलवारी, हस्तलिखितं. एका पानाशी थांबून ओठ हलवत त्यांनी दोन ओळी वाचल्या, आणि आपल्याला वाचता आलं म्हणून माझ्याकडे पाहून हसले. मी त्यांच्या आणि चौथ्या कपाटाच्या मध्ये उभा राहत होतो. उभा राहून किती उभा राहणार? ते माझ्या बाजूनं वाकले आणि त्यांना कटोरा दिसला.

त्यांनी आधी पोचा पाहिला. अक्षरं नाही, नक्षी नाही. काचेवर बोट टेकवून काठावरून पोच्यापर्यंत नेलं. मग हात उचलून कटोऱ्याला सलाम केला, घरातल्या वडीलधाऱ्याला करावा तसा. मला वाटलं आता विचारतील.  अकरा वर्षं या क्षणाची भीती होती, आणि खरं सांगतो, त्या क्षणी तो यावाच असंही वाटलं. त्यांनी ओरडावं, पहारेकऱ्यानं यावं, सगळं एकदाचं होऊन जावं.

ते म्हणाले, "रिकामा ठेवेल शे." रिकामाच ठेवलाय की. तेवढंच त्यांना खटकलं.

मग त्यांनी खालच्या पाटीकडे बोट केलं. कटोऱ्यावरचं ते वाचू शकत होते. कटोऱ्याखालचं नाही. खालचं वाचायला मी होतो.

"भास्कर, हाई काय लिखेल शे? वाच बरं."

आणि मी वाचलं.

मी वाचलं — "हा कटोरा रज्जाक नाना पिंजारी यांच्या घरचा. दोंडाईचाजवळचं गाव, खानदेश. याच्यातलं पाणी पिऊन पुष्कळ लेकरं सुखरूप जन्माला आली."

मी न अडखळता वाचलं. डोळे पाटीवर ठेवून, अक्षरांवरून डावीकडून उजवीकडे नेत, जसा मी तिसरीत त्यांची पत्रं वाचायचो. पाटीवर काय होतं ते मी पत्रात लिहिलंय, इथं दोनदा लिहायची माझ्यात ताकद नाही.

 नानांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. शेवटच्या वाक्यात त्यांनी मला थांबवलं.

"पुष्कळ राही गयं."

मी विसरलो होतो. पहिल्यांदा मी 'पुष्कळ लेकरं' म्हटलं होतं, दुसऱ्यांदा नुसतं 'लेकरं'. त्यांना पहिल्याच वेळेला पाठ झालं होतं. खऱ्या पाटीवरचं वाक्य दोनदा सारखंच वाचता येतं. खोटं पाठ करावं लागतं. मी तिसऱ्यांदा नीट वाचलं, 'पुष्कळ'सकट.

"हाई बठ्ठा लोके वाचतस? रोज?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते कपाटापुढं जरा सरळ उभे राहिले, जाकिटाची बटणं लावली. मग खिशात हात घालून काहीतरी शोधलं, अजमेरच्या प्रसादातला रेवडीचा तुकडा काढला आणि कपाटाला कुठं फट आहे का पाहू लागले. फट नव्हती. तो तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला. तूच टाक मागून, म्हणाले, तुझ्याकडे किल्ली असेल.

किल्ली होती. मी टाकला नाही. संग्रहालयात खायचे पदार्थ कपाटात ठेवत नाहीत, मुंग्या लागतात. हे मात्र खरं कारण आहे, आणि त्याचा काही उपयोग नाही.

जिना उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, मला वाटायचं पोरगा विसरला असेल. मी कोणाला बोललो नाही. आणि तू तर मला न सांगता एवढं मोठं करून ठेवलंस.

पोचा माझा होता, सलाम त्यांचा होता, आणि शाबासकीही मीच घेतली.

ते गावी गेले. पुढचं मला फोनवरून कळत गेलं. दोंडाईचाच्या स्टेशनवर उतरल्यापासून त्यांनी ते वाक्य सांगायला सुरुवात केली होती. बाजारात, मशिदीबाहेर, चहाच्या टपरीवर. कोणी म्हटलं, नाना, कशावरून? तर त्यांचं उत्तर तयार — भास्करनं वाचून दाखवलं. माझा धाकटा भाऊ सांगत होता, लोक थट्टेनं त्यांना 'दिल्लीवाले' म्हणतात आणि त्यांना ते आवडतं.

मागच्या महिन्यात नानांचा फोन आला. त्यांची नात तस्लीम धुळ्याच्या कॉलेजात शिकते. त्यांच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. तिच्या कॉलेजची सहल दिल्लीला येणार आहे. नानांनी तिला सांगून ठेवलंय — पाटीचा फोटो काढून आण, मोठा करून ओट्यावर लावायचा. माझ्याकडून एवढंच हवं होतं की तिला ते कपाट नेमकं दाखवावं.

तस्लीमला वाचता येतं.

मी काय केलं सांगू? त्याच दुपारी नवी पाटी छापली. नानांना वाचून दाखवलं होतं तेच वाक्य, हिंदीत आणि इंग्रजीत, 'पुष्कळ'सकट. पाट्या बदलणं माझ्याच हातात आहे. दहा मिनिटांचं काम. कोणाला कळलं नसतं, तस्लीमनं फोटो काढला असता, आणि मी जे खोटं वाचलं होतं ते मागं जाऊन खरं झालं असतं. ती पाटी अजून माझ्या खणात आहे. लावली नाही. त्यात मोठेपणा नाही. चौथ्या कपाटापर्यंत गेलो, किल्ली लावली, आणि मला पोचा दिसला. मग मला स्क्रू फिरवता येईना, एवढंच.

मी पकडला जायच्या आधी कबूल करतोय, हे तुम्हाला दिसतंच आहे. तस्लीमची सहल नसती तर हे पत्र गेलं असतं का? नसतं गेलं. अकरा वर्षांत कितीदा मी गावी गेलो, कितीदा त्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यायलो. तेव्हा नाही सांगितलं. पत्रच पाठवलं, कारण फोनवर त्यांचा आवाज ऐकावा लागला असता. आणि पत्र त्यांना वाचता येणार नाही. कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल, म्हणजे त्यांच्याआधी ते दुसऱ्याला कळेल. हेही मला टाकताना माहीत होतं.

पत्र असं होतं.

"ती. रज्जाक नानांस,

हे पत्र तस्लीमकडूनच वाचून घ्या. तस्लीम, जसं आहे तसंच वाच, काही गाळू नकोस.

नाना, त्या दिवशी मी तुम्हाला पाटीवरचं वाचून दाखवलं ते पाटीवर नाही. मी उभ्या उभ्या बनवलं. पाटीवर जे आहे ते शब्दशः असं — 'कोरीव अक्षरांचा पितळी कटोरा. सतरावं शतक. मिळाल्याचं ठिकाण: भंगारबाजार, जळगाव. भेट: भास्कर', आणि पुढं माझं आडनाव. तुमचं नाव कुठंही नाही. गावाचं नाही. लेकरांचं नाही.

भंगारबाजाराचं मी सांगितलं. कटोरा माझाच आहे असं लिहून सही मी केली. नोंदवहीत पोच्यापुढं 'कारण अज्ञात' असं मी लिहिलं. तुम्ही मागणार नाही हे मला माहीत होतं, त्याच्यावरच मी राहिलो.

तुम्ही गावात जे सांगितलं ते माझ्या वाचण्यावरून सांगितलं. लोक विचारतील तर हे पत्र दाखवा. तुम्ही खोटं बोलला नाहीत, मी बोललो.

काल मी ऑफिसात साहेबांना हे सगळं लिहून दिलं. कटोरा तुमच्या घरचा आहे, मी आठ दिवसांच्या बोलीवर आणला होता, दान करायचा मला हक्क नव्हता, असं लिहिलं. त्याच्यावर ते काय करतील आणि किती दिवसांत करतील, मला सांगता येत नाही. कागदाची नक्कल सोबत आहे. तस्लीम तीही वाचेल.

आईला मी सांगितलं होतं की कटोरा परत दिला आणि गूळ घालून दिला. तिला शेवटपर्यंत तेच माहीत होतं.

एक राहिलं. मुलाखतीत माझ्या तोंडून चुकून निघालं असं तुम्हाला वाटेल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. तसं नाही. कटोरा परत देताना घालायला आईनं दिलेला गूळ मी जातानाच गाडीत खाल्ला. भुसावळ सोडल्यावर. भूक नव्हती.

भास्कर"